मैदानावरचा बायबलपाठ कसा घ्यावा

खेळातून चारित्र्य आपोआप घडत नाही. कबड्डीचा एकच सामना एका मुलाला खरं बोलायला शिकवतो आणि दुसऱ्याला पंचाची नजर चुकवायला. नियम कसे ठेवले, खेळ कुठे थांबवला आणि थांबवल्यावर काय विचारलं, यावर सगळं अवलंबून असतं. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) संडे स्कूल, तरुण संघ किंवा मे महिन्यातली सुट्टीची बायबल शाळा चालवणाऱ्या ताई-दादांसाठी हे लिहिलं आहे. मुलं १० ते १४ वर्षांची, संख्या १४ ते २०, हाताशी तीन मोठी माणसं आणि एक मोकळं मैदान, एवढं गृहीत धरलं आहे.

वचन खेळाच्या आधी वाचू नका. आधी 'एकमेकांना मान द्या' असं वाचलं की मुलं ताईला दाखवण्यापुरती मान देत खेळतात आणि त्यांचं खरं वागणं झाकलं जातं. आधी खेळ, मग नुकत्याच घडलेल्या प्रसंगावर प्रश्न, मग वचन, आणि लगेच पुन्हा खेळ. हा शेवटचा खेळ वेळ संपली म्हणून बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि तिथेच पाठ वाया जातो. जे ऐकलं ते त्याच संध्याकाळी करून पाहता आलं नाही, तर पुढच्या शनिवारपर्यंत ते मुलांच्या मनातून निघून गेलेलं असतं.

७५ मिनिटं अशी वाटा: १० मिनिटं अंग मोकळं करायला, ३५ मिनिटं खेळ, १२ मिनिटं गोलात बसून बोलणं, १० मिनिटं पुन्हा खेळ आणि ८ मिनिटं आवराआवर व प्रार्थना. बोलण्याची १२ मिनिटं घड्याळ लावून पाळा. तेराव्या मिनिटाला मुलं गवत उपटू लागतात, आणि त्यानंतर सांगितलेली चांगली गोष्टही कंटाळ्याच्या खात्यात जमा होते.

तिघांची कामंही आधी वाटून घ्या. एक जण खेळ चालवतो. दुसरा पाणी, दुखापत आणि बाहेर बसलेल्या मुलांकडे पाहतो. तिसरा काहीही चालवत नाही. तो वही घेऊन कडेला उभा राहतो आणि फक्त पाहून टिपतो. हे तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं आहे, कारण गोलातले प्रश्न त्याच्याच वहीतून येतात. नोंद घडलेल्या गोष्टीची हवी, मताची नको. 'मुलं स्वार्थी खेळली' ही नोंद कामाची नाही. 'तिसऱ्या चौकोनातल्या मुलीला सहा मिनिटांत एकही खो मिळाला नाही' ही कामाची आहे.

मैदान आणि तयारी

आपल्याकडची हवा दमट. ऑक्टोबर ते मार्च शनिवारी संध्याकाळी पाचची वेळ ठीक असते. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेसहाला सुरू करून आठच्या आत संपवा. घाम येतो पण सुकत नाही, म्हणून मुलांना तहान लागली नाही तरी दर १५ मिनिटांनी पाण्यासाठी थांबवा. २० मुलांना २० लिटरचा एक जार पुरतो. ओआरएसची चार पाकिटं जवळ ठेवा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं असतं. अर्ध्या बाटलीत अंदाजाने टाकलं तर ते प्रमाणाबाहेर खारट होतं.

चर्चचं आवार लहान असेल तर शाळेचं किंवा सेक्टरमधलं मैदान बघा. ते ज्यांच्या ताब्यात असेल त्यांची परवानगी लेखी घ्या आणि कागद सोबत ठेवा. संध्याकाळी क्रिकेट खेळणाऱ्या मोठ्या मुलांशी आदल्या दिवशीच बोलून अर्धं मैदान मागून घ्या. आयत्या वेळी वाद झाला तर त्या दिवशीच्या पाठाला काही अर्थ राहत नाही. मुलं येण्याआधी तिघांनी एका ओळीत मैदान चालून काच, खिळे, खडी, उघडे पाइप उचला किंवा झाका. याला दहा मिनिटं लागतात.

पालकांची सही, घरचा फोन नंबर आणि दमा किंवा फिट येण्याचा त्रास असल्यास त्याची माहिती, एवढं एका कागदावर घ्या. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला कुठेही नेऊ नये, अगदी पाय धुवायला नळापर्यंतसुद्धा. गळ्यातला क्रूस, जपमाळेची अंगठी, साखळी, कडं, घड्याळ हे सगळं खेळाआधी काढून नावाची चिठ्ठी लावलेल्या पाकिटात ठेवा. क्रूस काढायला काही मुलं कचरतात. त्यांना सांगा की साखळी दुसऱ्याच्या बोटात अडकून बोट मोडू शकतं, आणि दुसऱ्याची काळजी घेणं हाही भक्तीचाच भाग आहे.

खरचटलं तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. मुरगळलं तर बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, पाय उंच ठेवा आणि त्या दिवशी खेळ बंद. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा गोंधळल्यासारखं झालं तर वाट न पाहता दवाखान्यात न्या, रुग्णवाहिकेसाठी १०८.

संघ कसे पाडायचे

दोन कप्तान उभे करून 'मी याला घेतो, तू त्याला घे' ही पद्धत पूर्ण बंद करा. शेवटी उरलेल्या मुलाला त्या दोन मिनिटांत जे कळतं ते पुढच्या तासभराच्या शिकवणीने पुसलं जात नाही. उंचीप्रमाणे रांग लावा आणि एक-दोन, एक-दोन मोजा. संघ बऱ्यापैकी सारखे पडतात आणि कुणी कुणाला नाकारलेलं नसतं.

एकदा पाडलेला संघ चार आठवडे तोच ठेवा. दर वेळी नवा संघ केला की भांडणं टळतात खरी, पण मिटवण्याचीही वेळ येत नाही, आणि मिटवणं हेच तर शिकायचं आहे. कप्तान मात्र दर आठवड्याला बदला. कप्तानाची कामं ठरलेली असू द्या: ग्लास भरून आपल्या संघाला देणं, स्वतः शेवटी पिणं, खेळ संपल्यावर खुणेचे प्लॅस्टिकचे कोन गोळा करणं. जो मोठा होऊ पाहतो त्याने सेवक व्हावं (मार्क १०:४३-४५), हे मुलांना पहिल्या शनिवारी सांगायची गरज नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखादा मुलगा स्वतःच विचारेल की कप्तानालाच का सगळं उचलावं लागतं. वचन तेव्हा वाचा.

खो-खो: बसलेल्यांचा खेळ

मंडळी म्हणजे एक शरीर, हा पाठ (१ करिंथ १२:१२-२७) शिकवायला खो-खोइतका चांगला खेळ नाही. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण कोणत्याही क्षणी बसलेले असतात, आणि तरी सामना त्यांच्यावर ठरतो. पूर्ण मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद असतं. आपल्या गटासाठी लहान मैदान आखा: १५ मीटर लांब, १० मीटर रुंद. मधोमध ३० सेंटिमीटर रुंदीची पट्टी, तिच्यावर दोन-दोन मीटरवर सहा चौकोन, आणि दोन्ही टोकांच्या चौकोनांपासून अडीच मीटरवर खांबाच्या जागी प्लॅस्टिकचा कोन. बादलीत वाळू भरून बांबू उभा करू नका. वळताना मुलं त्याला लोंबकळतात आणि बादली उलटते. आखायला चुन्याची फक्की चालते, मात्र ती डोळ्यांत जाऊ न देता वाऱ्याकडे पाठ करून टाका. रांगोळी त्याहून सुरक्षित.

सहा जण एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात, सातवा पाठलाग करतो. पळणारे तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. नियम थोडे पण कडक: खो पाठीमागूनच द्यायचा, पाठीला हात लावून मोठ्याने 'खो' म्हणायचं, खो मिळण्याआधी उठायचं नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही, एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलायची नाही. पळणाऱ्याला मात्र बसलेल्यांच्या मधून कुठूनही जाता येतं. म्हणून एकटा पाठलाग करणारा कितीही वेगवान असला तरी एकट्याने तो हरतोच. ही गोष्ट नियमांतच आहे, तुम्हाला ती वेगळी सांगावी लागत नाही.

पहिला डाव पाच मिनिटांचा, काहीही न सांगता खेळू द्या. वहीवाल्याने फक्त दोन गोष्टी टिपायच्या: कोणत्या चौकोनाला किती खो मिळाले, आणि पाठलाग करणाऱ्याने खो देण्याआधी किती धाव घेतली. जवळजवळ प्रत्येक गटात एकच दिसतं. दोन-तीन चपळ मुलं आपसांत खो फिरवतात, टोकाला बसलेल्या मुलाची पाठ कुणी शिवत नाही, आणि तो हळूहळू खेळ पाहणं सोडून देतो. मग अचानक खो मिळाला की तो गोंधळून चुकीच्या बाजूला निघतो, बाकीचे ओरडतात, आणि 'याला देऊन उपयोग नाही' हे सगळ्यांच्या मनात पक्कं होतं. त्याला खो का मिळत नाही, तर तो तयार नसतो. आणि तो तयार का नसतो, तर त्याला खो मिळत नाही. हा फेरा मुलांना स्वतःला ओळखता आला तर पाठाचं निम्मं काम झालं.

दुसऱ्या डावात एक नियम वाढवा: पाठलाग करणाऱ्याने सात पावलांच्या आत खो द्यायचा. दमलेला मुलगा 'आता पकडतोच' म्हणून मागे लागून राहतो, आणि त्याच्या हट्टात पळणारा ताजातवाना राहतो. सात पावलांचा नियम तो हट्ट मोडतो. सुरुवातीला मुलं घाईत समोरूनच खो देतील, किंवा हात लागण्याआधीच बसलेला उठेल. असा नियमभंग झाला की पाठलाग करणाऱ्याला उलट्या दिशेने जावं लागतं. हे कटाक्षाने पाळा, सूट देऊ नका. सूट दिली तर मुलांच्या हे लक्षात येतच नाही की एकाची घाई सगळ्यांना मागे नेते.

तिसऱ्या डावात मोजणी बदला. एखादा बाद झाला की पकडणाऱ्याचं नाव न पुकारता त्याआधी ज्या तिघांनी खो दिले त्यांची नावं पुकारा. मुलांचं लक्ष कुठे जातं ते पाहा. बसलेली मुलं टाचा उचलून, हात जमिनीला टेकवून तयारीत बसू लागतात. 'इकडे, इकडे' असे आवाज येऊ लागतात.

मग गोल करा. सावलीत बसा, मुलांच्या तोंडावर ऊन नको, आणि तुम्हीही खालीच बसा. प्रश्नांचा क्रम मोडू नका: आधी काय झालं, मग कसं वाटलं, मग का झालं, आणि शेवटी असं आणखी कुठे होतं. 'तुम्हाला यातून काय शिकायला मिळालं?' हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला तर 'एकी' हे पाठ केलेलं उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी विचारा: 'पहिल्या डावात कुणाकुणाला एकही खो मिळाला नाही? हात वर करा.' मग, 'तेव्हा तुम्ही काय करत होतात?' मग बाकीच्यांना, 'तुम्ही त्यांना खो का दिला नाहीत?' इथे खरी उत्तरं येतात, काही बोचरीही. 'ती हळू उठते.' हे उत्तर दाबू नका, आणि त्या मुलीचा बचावही लगेच करू नका. तिला विचारा की तिसऱ्या डावात काय वेगळं होतं.

आता १ करिंथ १२:२१-२२ वाचा, एवढंच. डोळा हाताला 'मला तुझी गरज नाही' म्हणू शकत नाही, आणि जे अवयव दुबळे वाटतात तेच आवश्यक असतात. पूर्ण अध्याय वाचू नका. वाचन त्या दिवशी कमी खो मिळालेल्या मुलाला देण्याचा मोह होतो, तो टाळा. मुलांना ते लगेच कळतं आणि मदतीचं ओझं होतं. शेवटचा प्रश्न असा ठेवा: आपल्या वर्गात, बिल्डिंगमध्ये किंवा मंडळीत असं कोण आहे जे टोकाला बसलेलं आहे आणि ज्यांना आपण खो देतच नाही? नावं मोठ्याने घ्यायला लावू नका. दहा मिनिटं पुन्हा खेळ.

कबड्डी: खरं बोलणं आणि परत येणं

खुल्या गटाचं कबड्डीचं मैदान पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, एका बाजूला सात खेळाडू आणि चढाई ३० सेकंदांची. मुलांसाठी १० बाय ८ मीटर आणि पाच-पाच जण पुरेत. जमीन मऊ हवी. मुरूम किंवा पेव्हर ब्लॉकवर कबड्डी खेळवूच नका. नखं कापलेली हवीत. स्पर्धांमध्ये वयोगटाप्रमाणे वजनाची मर्यादा असते ती उगाच नाही, तेव्हा १० किलोपेक्षा जास्त फरक असलेली मुलं समोरासमोर येणार नाहीत असे गट पाडा. पकड फक्त कमरेला किंवा घोट्याला. मान, केस, कपडे यांना हात नाही. साखळी करताना बोटांत बोटं अडकवू नका, तळहात धरा. झटका बसला की अडकलेली बोटं मुरगळतात.

खरेपणाच्या पाठासाठी पंच काढून टाका. ज्याला स्पर्श झाला त्याने स्वतःहून बाहेर जायचं, एवढाच नियम. पाच-सहा चढायांत वाद सुरू होतो. वाद लगेच सोडवू नका, एक मिनिट होऊ द्या आणि मग खेळ थांबवा. इथे एक चूक हमखास होते: स्वतःहून स्पर्श कबूल करणाऱ्याला जादा गुण दिला जातो. तसं केलंत की कबुली ही गुण मिळवण्याची युक्ती बनते, आणि हुशार मुलं न झालेले स्पर्शही कबूल करू लागतात. खरं बोलल्याने तोटा होऊ शकतो, आणि तो होऊ द्यायला हवा. आपलं नुकसान झालं तरी दिलेला शब्द न फिरवणाऱ्या माणसाबद्दल स्तोत्र १५:४ बोलतं; ते वचन तोटा सोसलेल्या मुलांना लगेच उमगतं. जो संघ खरं बोलून हरला त्याला गोलात विचारा, 'आता कसं वाटतंय?' राग आलाय असं म्हणाले तर तो राग खरा आहे असंच म्हणा. मग लूक १६:१० वाचा.

कबड्डीत दुसरा एक पाठ दडलेला आहे आणि तो सहसा कुणी घेत नाही. बाद झालेला खेळाडू रेषेबाहेर बसतो आणि स्वतःच्या जोरावर परत येऊ शकत नाही. त्याच्या संघातल्या कुणीतरी समोरच्या खेळाडूला बाद केलं की तो आत येतो, ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने. सामन्यानंतर परत आलेल्या प्रत्येकाला विचारा: 'तू आत कसा आलास? त्यासाठी तू काय केलंस?' मुलं आधी 'माझा नंबर आला' म्हणतील. 'पण नंबर कुणामुळे आला?' असं विचारल्यावर थांबतात. कृपेने तारण, कर्माने नव्हे, हे इफिस २:८-९ मधलं वचन आपल्याकडच्या मुलांना लहानपणापासून तोंडपाठ असतं, पण कुणाच्या तरी श्रमावर आपण आत आलो म्हणजे काय ते इथे अंगावर समजतं. हा दाखला ताणू नका, कारण चढाई करणाराही पुढे बाद होतोच, तेवढ्यापुरताच वापरा.

मोठ्या मुलांच्या गटात याला मार्काची हकीगत जोडा. पंफुल्यात योहान मार्क सोबत सोडून परत गेला (प्रे. कृत्ये १३:१३), त्यावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसलं की ते वेगळे झाले (१५:३७-३९). पण अखेरच्या काळात पौलच लिहितो की मार्काला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). संघ सोडून गेलेल्या मुलाला परत घ्यायचं की नाही, हा प्रश्न प्रत्येक तरुण संघात कधी ना कधी येतो. त्याआधीच यावर बोलणं झालेलं बरं.

रिले

रिलेवर फार वेळ घालवू नका, एक शनिवार पुरे. स्पर्धेतली काठी २८ ते ३० सेंटिमीटर लांब असते. नळाच्या दुकानातून प्लॅस्टिकचा पाइप आणून ३० सेंटिमीटरचे तुकडे करा आणि टोकं पॉलिश पेपरने घासा, नाहीतर कडेने तळहात कापतात. प्रत्येकाने २० मीटर धावायचं. देवाणघेवाण आधी चालत, मग हळू पळत, मग पूर्ण वेगाने शिकवा. घेणाऱ्याच्या मागे चार-पाच मीटरवर खूण करा. देणारा तिथे पोहोचला की घेणाऱ्याने धाव सुरू करायची, मागे न पाहता हात मागे धरायचा आणि देणाऱ्याने 'घे' म्हणून काठी हातात ठेवायची. बिघडतं दोन प्रकारे: घेणारा आधीच सुटतो, किंवा विश्वास नसल्याने मान वळवून उभाच राहतो. काठी पडली तर जो देत-घेत असताना ती सोडतो त्यानेच ती उचलायची. दुसऱ्यावर ढकलायची नाही. इब्री १२:१-२ इथे बसतं. आपण पहिले धावणारे नाही, आपल्या आधीही कुणी धावलं आहे, हे त्या वचनाच्या सुरुवातीलाच आहे. मंडळीतल्या एखाद्या आजी-आजोबांना बोलावून पहिली काठी त्यांच्या हातून द्या.

ज्या वचनांचा खेळात गैरवापर होतो

'शर्यतीत सगळे धावतात पण बक्षीस एकालाच' (१ करिंथ ९:२४) हे वचन क्रीडादिनाच्या फलकावर लावलं जातं, जणू पौल जिंकायला सांगतो आहे. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, विजेत्याला पानांचा मुकुट मिळे, आणि तो सुकून जाई. पौल त्याच्याशी न सुकणाऱ्या मुकुटाची तुलना करतो आणि बोलतो ते संयमाबद्दल. त्या अध्यायाचा मोठा भाग तर दुसऱ्यांसाठी आपले हक्क सोडण्याबद्दल आहे. हे वचन वापराच, पण सरावाला वेळेवर येणं, झोप, खाणं, जिभेवर ताबा यांच्यासाठी वापरा.

फिलिप्पै ४:१३ चंही तसंच होतं. 'मी सर्व काही करू शकतो' हे सामन्याआधी घोषणेसारखं म्हणतात. पौल ते बंदिवासात असताना लिहितो, आणि आधीच्या दोन ओळींत भरल्यापोटी व उपाशी, दोन्ही अवस्थांत तृप्त राहायला शिकल्याचं सांगतो. म्हणून ते हरलेल्या दिवशी वाचा. सामन्याआधीची प्रार्थना दोन्ही संघांनी एकत्र करावी, आणि तिच्यात विजय मागू नये.

हरल्यावर आणि खचल्यावर

नेरूळ, वाशी, ऐरोलीच्या मुलांना यासाठी लांबचं उदाहरण नको. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचं लक्ष्य गाठलं, आणि जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ धावा करून परतली. २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला. उपांत्य सामन्यानंतर तिने येशूचे आभार मानले, आणि शेवटी शेवटी आपण फक्त स्थिर उभं राहायचं, देव आपल्यासाठी लढेल, हे वचन (निर्गम १४:१४) म्हणत होते असं सांगितलं.

हा प्रसंग सांगताना बहुतेक जण विश्वास ठेवला म्हणून जिंकली, एवढ्यावरच थांबतात. तसं सांगू नका. पुढच्या शनिवारी हरणारं मूल मग आपला विश्वास कमी पडला असं समजेल. त्याच स्पर्धेत एका सामन्यासाठी तिला संघातून वगळलं होतं. स्पर्धेच्या काळात चिंतेने घेरलं होतं, जवळजवळ रोज रडत होते, आणि संघातल्या मैत्रिणी सोबत राहिल्या, हेही तिने सगळ्यांसमोर सांगितलं. मुलांना हा भाग ऐकवा आणि गलती ६:२ वाचा, एकमेकांची ओझी वाहा. नंतर जोड्या करून प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला विचारायचं, 'या आठवड्यात तुला कशाची भीती वाटली?' ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. एखाद्या मुलाच्या बोलण्यात घरातली मारहाण किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार आला तर ते गोलात आणू नका. त्याच दिवशी पाळकांशी आणि जबाबदार मोठ्यांशी बोला. मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

हरलेल्या संघाला पहिली पाच मिनिटं काही शिकवायचं नाही. पाणी, बसणं, एवढंच. जिंकलेल्यांनी समोरच्या संघातल्या एकेकाजवळ जाऊन त्याने केलेली एक चांगली खेळी नेमकी सांगायची. 'छान खेळलास' चालणार नाही; 'तिसऱ्या चढाईत तू घोटा धरलास तो सुटलाच नाही' असं हवं. त्यासाठी समोरच्याकडे खेळताना पाहावं लागतं.

रविवारच्या स्पर्धा आणि इतर धर्मांची मुलं

आंतरशालेय आणि सोसायटीच्या स्पर्धा बऱ्याचदा रविवारी सकाळी असतात, नेमक्या उपासनेच्या वेळी. प्रत्येक मंडळीचं यावर एकच मत नसतं, तेव्हा तुमचा निर्णय पाळक आणि पालकांसोबत हंगामाच्या सुरुवातीलाच घ्या. धावपटू एरिक लिडेलचं नाव इथे घेतलं जातं: १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून तो त्यात धावला नाही आणि ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकला. मुलांना यातली कामाची गोष्ट वेगळी आहे. वेळापत्रक त्याला काही महिने आधी कळलं होतं, त्याने ते तेव्हाच स्पष्ट केलं आणि दुसऱ्या अंतराची तयारी केली. मुलाने शनिवारी रात्री प्रशिक्षकांना 'उद्या येणार नाही' म्हणणं म्हणजे बाकीच्या संघाला अडचणीत टाकणं. महिनाभर आधी सांगितलं तर सर बदली खेळाडू तयार करतात, आणि मुलाचा शब्दही राहतो.

मैदानावर खेळ पाहून शेजारची मुलं येतात, येऊ द्या. त्यांच्या घरी आधीच स्वच्छ सांगा की इथे खेळानंतर बायबल वाचलं जातं आणि प्रार्थना होते, आणि त्या वेळी मूल घरी गेलं तरी चालेल. लपवून ठेवलं तर विश्वास तुटतो, आणि तो तुटायलाच हवा. गोलात बसलेल्या अशा मुलाला प्रार्थना करायला सांगू नका. घडलेल्या खेळावरच्या प्रश्नांत मात्र त्याला पूर्ण वाटा द्या.

वही आणि पावसाळा

प्रत्येक शनिवारी शेवटच्या आठ मिनिटांत मुलांना आठवड्यासाठी एकच काम द्या, आणि ते दिसण्याजोगं असू द्या. 'प्रेमाने वागा' नको; 'डब्याच्या सुट्टीत एकट्या बसणाऱ्याजवळ एकदा जाऊन बसा' असं हवं. पुढच्या शनिवारी अंग मोकळं करतानाच विचारा, गोलात नको. न केलेल्याला काही बोलू नका. चार आठवड्यांनी वहीतले पहिले आणि शेवटचे आकडे शेजारी ठेवा: टोकाच्या चौकोनांना मिळालेले खो, स्वतःहून कबूल केलेले स्पर्श, खेळ थांबवावे लागलेले वाद. आकडे सुधारले नसतील तर बहुतेक वेळा कारण मुलांत नसून दोन ठिकाणी असतं: शेवटचा दहा मिनिटांचा खेळ गाळला गेला, किंवा बोलण्यात मोठ्यांचाच आवाज जास्त झाला.

जून ते सप्टेंबर मैदानावर चिखल असतो. त्या चार महिन्यांत चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावून बसून खेळायचा व्हॉलीबॉल घ्या: दीड मीटर उंचीवर दोरी, फुगवायचा हलका बीच बॉल, पलीकडे टाकण्याआधी संघातल्या तिघांचा स्पर्श सक्तीचा. फरशी ओली असेल तर पळण्याचा कोणताही खेळ नको. ऑक्टोबरमध्ये जमीन वाळली की आधी ती तीन माणसांची ओळ लावून मैदान पुन्हा चालून घ्या. पावसाने वर आलेली खडी आणि काच तेव्हाच सापडते.